बटणामागची वीज : आपल्या नेहमीच्या शंका

सकाळी गीझर, मग मिक्सर, दुपारी इस्त्री, संध्याकाळी दिवे. घरातल्या विजेच्या बटणांवर सर्वांत जास्त वेळा हात कोणाचा जातो? गृहिणीचाच! पण फ्यूज उडाला किंवा फ्रीजला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, की आपण म्हणतो, "संध्याकाळी 'हे' आले की बघतील." आणि तोवर ती वस्तू तशीच वापरत राहतो. मैत्रिणींनो, विजेची मूळ गोष्ट मुळीच अवघड नाही. पाच माणसांच्या भाताला पाणी किती हे जिला न मोजता कळतं, तिला हीही सहज कळेल. नेहमीच्या शंका घेऊनच पाहू या.

विद्युतभार म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक वस्तूत धन आणि ऋण असे दोन्ही भार असतात, पण ते सारखेच असल्यामुळे एरवी जाणवत नाहीत. ऋणभाराचा सूक्ष्म कण म्हणजे इलेक्ट्रॉन. जे. जे. थॉमसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९७ साली तो शोधून काढला. कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा फिरवला की केसांतले काही इलेक्ट्रॉन कंगव्यावर येतात आणि कंगवा कागदाचे कपटे ओढू लागतो. थंडीत नायलॉनची साडी उतरवताना चटचट आवाज येतो, तोही याचाच. पावसाळ्यात हवा दमट असल्याने भार साचत नाही, म्हणून तेव्हा ही गंमत दिसत नाही. या चटक्यात काही हजार व्होल्ट असू शकतात; पण भार इतका थोडा, की क्षणात संपतो. म्हणून अपाय होत नाही.

मग तारेतली वीज वेगळी कशी?

भार तोच, पण तिथे तो सतत हलता ठेवलेला असतो. सायकलची साखळी आठवा. पायडल मारलं की मागचं चाक लगेच फिरतं. साखळीची एखादी कडी तिथवर पोचायची वाट बघावी लागत नाही. तसंच तारेत इलेक्ट्रॉन आधीपासून भरलेले असतात. बटण दाबलं की सगळे एकदम हलतात. घरच्या विजेत तर ते सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे डुलतात.

मग बिल कशाचं येतं? इलेक्ट्रॉन तर संपत नाहीत!

साखळी संपत नाही, पण पायडल मारणारा दमतो ना? बिल त्या कामाचं. १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. २००० वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो. ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्याच विजेत जवळजवळ १११ तास जळतो. तेव्हा काटकसर करायची तर आधी गीझरकडे बघा.

तारेवरच्या चिमणीला शॉक का बसत नाही?

गच्चीवरची टाकी जितकी उंच तितका नळाला जोर. व्होल्ट म्हणजे हा जोर आणि अँपिअर म्हणजे वाहणारी धार. पाणी वाहायला जशी वर-खाली पातळी लागते, तसा वीज वाहायला दोन ठिकाणच्या व्होल्टमध्ये फरक लागतो. चिमणीचे दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणजे फरक नाही. आपले पाय मात्र जमिनीवर असतात. आपल्या घरात फेजच्या तारेत आणि जमिनीत २३० व्होल्टचा फरक असतो. ओल्या हातांतून, ओल्या फरशीवरून ही धार जास्तच सहज वाहते. १५ वॅटच्या जुन्या झिरोच्या बल्बातून साधारण ६५ मिलिअँपिअर करंट जातो. तेवढा छातीतून गेला तरी जीव जाऊ शकतो.

प्लगची तिसरी पिन कशासाठी?

ती अर्थिंगची. आतली तार सुटून वॉशिंग मशीनच्या पत्र्याला लागली, तर करंटला जमिनीत जायला ती सोपी वाट देते. ही पिन लांब असते, म्हणून सर्वांत आधी जोडली जाते. पिन काढून टाकणं किंवा दोन पिनांच्या सॉकेटात कसंबसं बसवणं म्हणजे ही वाट आपणच बंद करणं.

घरात एम.सी.बी. आहे, मग भीती कसली?

एम.सी.बी. आणि फ्यूज मुख्यतः तारा जळू नयेत म्हणून. माणसासाठी आर.सी.सी.बी. हवा. जाणारा आणि परतणारा करंट तो ताडून पाहतो, आणि घरगुती प्रकारात ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच वीज तोडतो. त्यावर 'टी' अक्षराचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. खटका पडला नाही तर वायरमनला बोलवा.

एवढं आजच करा

मेन स्विच कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला, जाणत्या मुलांनाही दाखवा. गीझरचं बटण बंद करूनच आंघोळीला जा. कपडे वाळत घालायला लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी बांधा. सुटलेली वायर पत्र्याला किंवा तारेला टेकली, तर ओला कपडा टाकणारा हात आपलाच असतो. झिणझिण्या देणारी वस्तू त्याच क्षणी बंद करा. दुरुस्त होईपर्यंत तिला हात लावू नका.

आणि कोणाला शॉक बसलाच, तर माया कितीही दाटून आली तरी धावत जाऊन त्याला धरू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमलं नाही तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला तारेपासून दूर ढकला. मग १०८ क्रमांकावर फोन करा. श्वास थांबला असेल तर छाती दाबण्याचा उपचार लगेच सुरू करा.

वीज रागावत नाही आणि दयाही दाखवत नाही. ती फक्त वाट शोधते. ती वाट आपल्या माणसांतून जाणार नाही, एवढं पाहणं आपल्या हातात आहे.