मॉन्ट्रियलमधली दोन शालेय वर्षं

सप्टेंबर २०२३ ते जून २०२५ ही माझी मॉन्ट्रियलमधल्या फ्रेंचच्या शाळेची दोन वर्षं. पुण्यात बरीच वर्षं हिशेबाची नोकरी केल्यावर, चाळिशी उलटून गेल्यावर मी पुन्हा दप्तर भरू लागले. या काळात भाषा तर शिकलेच, शिवाय एखादा समाज आपली भाषा बाहेरून आलेल्या माणसाच्या हाती कशी सोपवतो, हेही जवळून पाहिलं. आज मला त्याचंच मोल अधिक वाटतं.

मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे, त्या क्वेबेकचा फ्रेंचसाठीचा आग्रह समजून घ्यायला थोडा इतिहास ठाऊक हवा. १९६०च्या दशकापर्यंत या शहरात फ्रेंच बोलणारे बहुसंख्य होते, पण मोठ्या उद्योगांच्या आणि बँकांच्या नाड्या बहुतेक इंग्रजीभाषकांच्या हाती होत्या. वरच्या साहेबाशी बोलायचं तर इंग्रजीतच. १९७७च्या फ्रेंच भाषा सनदेने हे चित्र पालटलं. कामाच्या ठिकाणी, दुकानांच्या पाट्यांवर आणि स्थलांतरितांच्या मुलांच्या शाळेत फ्रेंच आली. २०२२च्या कायद्याने आणखी पुढे जाऊन ठरवलं, की नवागतांशी पहिल्या सहा महिन्यांनंतर सरकारी कचेऱ्यांनी, काही अपवाद सोडता, फ्रेंचमध्येच व्यवहार करायचा. मात्र प्रौढांना भाषा शिकवण्याची व्यवस्थाही याच कायद्याने उभी केली. १ जून २०२३ला ‘फ्रांसिझास्यों केबेक’ नावाची एक खिडकी उघडली. तिथे नाव नोंदवायचं, पातळी तपासून घ्यायची आणि वर्ग मिळण्याची वाट पाहायची. वर्गाला फी नाही आणि पूर्णवेळ शिकणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांना भत्ताही मिळतो. त्या शरद ऋतूत मी पहिल्या पायरीवर बसले. अशा एकूण बारा पायऱ्या.

पूर्णवेळ वर्ग म्हणजे आठवड्याचे पंचवीस ते तीस तास. मुलीला शाळेत सोडायचं, मेट्रो धरायची आणि वर्ग गाठायचा. जानेवारीत बाहेर उणे वीस तापमान असायचं. वर्गाबाहेर बर्फाने माखलेल्या बुटांची रांग लागायची आणि घरून आणलेल्या सपाता घालून सगळे आत बसायचे. तेहरानची दंतवैद्य, कोलंबियाचा इलेक्ट्रिशियन, युक्रेनहून आलेली शिक्षिका बाकाला बाक लावून क्रियापदं चालवायची. दुपारी मायक्रोवेव्हपाशी डबे गरम करताना जी फ्रेंच बोलली जायची, ती मला पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडली. आम्हा सगळ्यांना येणारी दुसरी भाषाच नव्हती. भाताची कृती, घरभाडं, मुलांची दुखणी, मागे राहिलेले आईवडील हे सगळं त्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्येच सांगावं लागे.

मराठी माणसाला फ्रेंच व्याकरण फारसं परकं वाटत नाही. नामाचं लिंग पाठ करावं लागतं, पण त्याप्रमाणे विशेषण बदलायचं हे अंगवळणी पडलेलंच असतं. कुणाला एकेरी बोलायचं आणि कुणाला मान द्यायचा, याचंही भान उपजत असतं. अडचण होती ती कानाची. वर्गात ‘झ स्वी’ म्हणजे ‘मी आहे’ असं शिकायचं आणि बसथांब्यावर तेच ‘शु’ म्हणून ऐकू यायचं.

त्यावर आमच्या बाईंनी एक सराव ठेवला होता. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडायच्या. एकाने दवाखान्यातली सेक्रेटरी व्हायचं, दुसऱ्याने वेळ मागायची. समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, हातवारे दिसत नाहीत, उरतो फक्त आवाज. नाव एकेक अक्षर करून सांगा, जन्मतारीख सांगा, मंगळवार जमत नसेल तर दुसरा दिवस मागा. आठवडाभर रोज प्रत्येकाची पाळी यायची. पुढे वसंतात मुलीला ताप आला तेव्हा मी ८११ या आरोग्य सल्ल्याच्या नंबरवर फोन केला. ताप किती, कधीपासून, औषध किती मिलिलिटर दिलं, हे सारं नर्सला फ्रेंचमध्येच सांगितलं. फोन ठेवला तेव्हा या गावात आपला निभाव लागेल, याची मला पहिल्यांदा खात्री पटली.

दुसरं वर्ष खडतर गेलं. २०२४च्या शरदात पैशांची तरतूद अपुरी पडली आणि प्रांतात ठिकठिकाणी वर्ग बंद झाले. आमचाही झाला. विद्यार्थी घरी बसले, शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मला एका स्वयंसेवी संस्थेच्या वर्गात जागा मिळेपर्यंत बेरी-उकाम मेट्रो स्थानकाजवळचं मोठं सार्वजनिक ग्रंथालय हाच आधार होता. तिथेच मिशेल त्रांब्लेचं ‘ले बेल-सर’ हाती लागलं. १९६८मध्ये या नाटकाने मॉन्ट्रियलच्या कामगार वस्तीतल्या बायकांची बोली जशीच्या तशी रंगभूमीवर आणली आणि मोठा वाद झाला. पानोपानी अडखळत ते वाचलं, तेव्हा बसथांब्यावरच्या बोलीबद्दल मला आपुलकी वाटू लागली. जून २०२५मध्ये आठवी पायरी पूर्ण केली. त्याच महिन्यात मुलीच्या शाळेतल्या पालकसभेला दुभाष्याशिवाय बसले आणि दोन प्रश्नही विचारले.

आमचा वर्ग बंद पडला त्याच शरदात, ३ ऑक्टोबर २०२४ला, केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ती बातमी वाचून ऊर भरून आला आणि मुंबई-पुण्यात पोटासाठी येणारी माणसंही आठवली. रिक्षावाला, सुरक्षारक्षक, बंगळुरूहून आलेली इंजिनिअर यांनी मराठी बोलावं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी त्यांच्या वस्तीत, त्यांच्या सुट्टीच्या वेळेत, मोफत आणि चांगल्या शिक्षकांचे वर्ग हवेत. दवाखाना, भाडेकरार, मुलांची शाळा असे त्यांच्या रोजच्या गरजेचे पाठ हवेत. क्वेबेकने दोन वर्षांत मला दोन्ही बाजू दाखवल्या. शिकवायला माणूस आणि पैसा उभा केला, की चाळिशीतली परकी बाईही भाषा आपली म्हणते. आणि तोच पैसा आटला, की कायदा कितीही कडक असो, माणसं शिकायची थांबतात. आपल्या भाषेचा आग्रह जरूर धरावा, पण आधी तिच्या वर्गांसाठी अंदाजपत्रकात पैसे ठेवावेत.