जुना संगणक भंगारात घालू नका, पोरांसाठी द्या



14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. त्यामुळे चालू स्थितीतले कितीतरी संगणक एकदम 'जुने' ठरले. भंगारवाला ते किलोवर नेतो. पण इंजिन जुनं झालं म्हणून आपण बोट मोडीत काढतो का? दुरुस्त करून चालवतोच ना!

हैदराबादचं उदाहरण बघा. सुगत मित्रा, जेम्स टूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गरीब घरांतल्या 16 मुलांना बोललेलं ऐकून टाइप करणारा संगणक दिला. मुलांचं इंग्रजी त्याला कळेना. शिकवायला मास्तर नव्हते. संगणकाला कळेपर्यंत मुलांनीच आपसात सराव केला आणि त्यांचे उच्चार सुधारले. हा अभ्यास 2003 मध्ये छापून आला. म्हणजे तो संगणक आजच्या हिशोबाने भंगारच! तरी पोरं शिकली, कारण ती एकत्र बसली.

ती मुलं मोठी होती. आपल्या बालवाडी ते चौथीच्या पोरांना तर त्याहून कमी लागतं. जुन्या संगणकावर लुबंटूसारखी हलकी, मोफत प्रणाली टाकता येते. त्यावर चित्रं काढायला 'टक्स पेंट' आणि अक्षरं, आकडे, माऊस शिकायला 'जीकॉम्प्री' चालतं. दोन्ही फुकट, आणि एकदा टाकली की इंटरनेटची गरज नाही. आई बाजारात, बाबा दर्यात आणि पोर एकटं मोबाईलवर, यापेक्षा हे बरं.

काळजी मात्र घ्या. डिझेल परताव्याचे कागद, आधार, बँकेची माहिती हार्ड डिस्कवरून कायमची पुसून घ्या. नुसतं डिलीट करून भागत नाही. अर्थिंग तपासा. आतला बटण सेल पोरांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेततं. जुना डब्बा मॉनिटर फोडू नका, त्याच्या काचेत शिसं असतं. जे दुरुस्तच होत नाही ते नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच द्या.

जून-जुलैच्या बंदीत बोटी किनाऱ्याला असतात, तेव्हा ही दुरुस्ती करायचं आम्ही ठरवलंय. ज्यांच्याकडे जुना संगणक, कीबोर्ड, माऊस पडून असेल त्यांनी संस्थेच्या कार्यालयात आणून द्यावा. आणि पोरांजवळ रोज तासभर बसायला दोन-तीन ताई-दादा हवेत. यंत्र मिळेल, माणूस आपल्यालाच द्यावा लागेल.