खाचेचा साचा : घरी घडविलेले एक साधन

पुस्तकांचे कपाट वापरात आल्यानंतर सर्वप्रथम कुरकुरू लागतो तो त्याचा सांधा. मीटरभर लांबीची फळी पुस्तकांनी भरली की तिच्यावर २५ ते ३० किलो वजन सहज पडते. ती उभ्या बाजूंना केवळ खिळ्यांनी जोडलेली असेल, तर हा सारा भार त्या चार-सहा खिळ्यांनाच पेलावा लागतो. खिळ्यांची भोके हळूहळू रुंदावतात, फळी एका अंगाला झुकते आणि एके दिवशी निखळते. शाळेच्या ग्रंथालयात त्या वेळी खाली एखादे मूल उभे असू शकते. म्हणूनच जाणते सुतार उभ्या बाजूत आडवी खाच पाडतात व फळीचे टोक तीत बसवितात. फळीचा भार मग लाकडावरच विसावतो.

अशी खाच हाताने पाडावयाची म्हणजे करवतीने दोन समांतर काप घ्यावयाचे, मधले लाकूड पटाशीने काढावयाचे आणि तळ सपाट करावयाचा. या कामी वर्षानुवर्षांचा सराव लागतो. विजेवर चालणारे राऊटर हे यंत्र तेच काम काही मिनिटांत करते. त्याचे पाते मिनिटाला सामान्यतः १०,००० ते ३०,००० फेरे घेते. परंतु कोठे कापावे, हे यंत्रास कळत नाही. फिरणारे पाते यंत्राला एका बाजूस ओढते व केवळ हाताच्या भरवशावर सरळ खाच पडणे अशक्य होते. यंत्राला वाट दाखविणारी लाकडी चौकट, म्हणजेच साचा, येथे उपयोगी पडतो.

साच्याने आणखी एक अडचण सोडवावी लागते. १८ मि.मी. म्हणून विकत घेतलेले प्लायवूड पुष्कळदा त्याहून थोडे पातळ वा जाड निघते. १८ मि.मी. रुंदीच्या पात्याने खाच पाडली तर पातळ फळी तीत खुळखुळते आणि जाड फळी आत जातच नाही. सैल सांध्यात सरसाची पकड दुबळी राहते. घट्ट सांध्यात फळी ठोकून बसविली तर लाकूड चिरते. यावर उपाय असा की, मोजपट्टीवर विसंबून न राहता फळीलाच माप मानावे. पुढे वर्णिलेला साचा नेमके हेच करतो.

प्रथम साच्याचे दोन सारखे भाग करावेत. प्रत्येक भागात ६ मि.मी. प्लायवूडची सुमारे ५०० मि.मी. लांबीची तळपट्टी घ्यावी. तिच्या बाहेरच्या कडेवर १८ मि.मी. जाडीची, अगदी सरळ कडेची मार्गपट्टी सरसाने चिकटवावी. तळपट्टी आतल्या अंगास मुद्दाम अधिक रुंद ठेवावी. सरस वाळल्यावर खाली टाकाऊ फळी घेऊन, राऊटरला १२ मि.मी. व्यासाचे पाते लावावे आणि यंत्राचा तळ मार्गपट्टीला टेकवून टोकापासून टोकापर्यंत न्यावा. तळपट्टीचा जादा भाग कापला जातो. उरलेली कड म्हणजे पाते जेथपर्यंत पोहोचते ती रेषाच होय. पुढे कोणतीही बेरीज-वजाबाकी न करता ही कड खाचेच्या खुणेवर ठेवली की पुरे. मात्र हा हिशेब त्याच यंत्रापुरता व त्याच व्यासाच्या पात्यापुरता खरा असतो. म्हणून पात्याचे माप साच्यावरच लिहून ठेवावे.

दोन्ही भागांच्या टोकांखाली १२ मि.मी. जाडीच्या दोन आडपट्ट्या येतात. डावा भाग त्यांवर काटकोनात कायमचा बसवावा. उजवा भाग सरकता ठेवावा. त्यासाठी आडपट्ट्यांत लांबट भोके पाडून बोल्ट व नट वापरावेत. काटकोन तपासण्यास शाळेत शिकलेला पायथागोरसचा सिद्धांत पुरेसा आहे : एका भुजेवर ३०० व दुसरीवर ४०० मि.मी. मोजले असता तिरपे अंतर ५०० मि.मी. भरले पाहिजे. येथे अर्ध्या अंशाची चूक राहिली, तर ३०० मि.मी. रुंदीच्या बाजूवर खाच अडीच मि.मी.हून अधिक सरकते.

आता कपाटाच्या फळीचेच दोन छोटे तुकडे घेऊन साच्याच्या दोन्ही टोकांपाशी कडांच्या मध्ये उभे धरावेत, सरकता भाग त्यांना भिडवावा आणि नट आवळावेत. खाचेची रुंदी व दोन्ही कडांची समांतरता एकाच वेळी साधते. जवळची आडपट्टी लाकडाच्या कडेला टेकवून साचा शिकंज्यांनी पक्का करावा. खाचेची खोली लाकडाच्या जाडीच्या एक-तृतीयांश, म्हणजे सुमारे ६ मि.मी. पुरे, तळपट्टीची जाडी धरून पाते यंत्राच्या तळाखाली १२ मि.मी. येईल असे ठेवावे. ही खोली एकदम न गाठता दोन-तीन फेऱ्यांत गाठावी.

दिशेचा नियम कधीही मोडू नये. वरून पाहता पाते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. म्हणून आपल्यापासून दूर जाताना यंत्र डाव्या मार्गपट्टीला टेकवावे व परत येताना उजवीला. असे केल्यास पात्याची ओढ यंत्राला मार्गपट्टीकडेच दाबते. उलट गेल्यास ते हातातून निसटू पाहते. पाते बाहेर पडते त्या कडेचे लाकूड उचकटू नये म्हणून फळीच्या दूरच्या कडेला टाकाऊ पट्टी घट्ट लावावी. डोळ्यांवर चष्मा व नाकावर फडके असावे. पाते बदलताना प्लग काढलेलाच असावा. पाते थांबल्यावाचून यंत्र उचलू नये.

पहिली खाच नेहमी टाकाऊ तुकड्यावर पाडावी. फळी हाताच्या दाबाने आत गेली व उलटी धरली असता गळून पडली नाही, तर माप योग्य. भरीव लाकूड पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. गोव्यासारख्या दमट प्रदेशात भर पावसात बसविलेली फळी वैशाखात सैल वाटते, ती याच कारणाने. म्हणून लाकूड काही दिवस कपाटाच्या जागीच ठेवून मग खाच पाडणे हितावह.

या साच्याला लागतात प्लायवूडचे उरलेले तुकडे, दोन बोल्ट आणि एक निवांत दुपार. शाळेच्या कार्यशाळेत आठवी-नववीच्या मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली तो अवश्य करावा. यंत्र मात्र शिक्षकांनीच चालवावे. काटकोन, समांतर रेषा व जाडी हे शब्द मग वहीपुरते न राहता मुलांच्या हातात येतील आणि त्यांच्या ग्रंथालयाच्या फळ्याही पुस्तकांचे ओझे निर्धास्तपणे वाहतील.