आधी न्हाणीघर

घर आजी-आजोबांसाठी सुरक्षित करायचं आहे आणि पैसे मोजकेच असतील, तर ते आधी न्हाणीघरावर खर्च करावेत. ओली फरशी, साबणाचा ओघळ आणि धरायला काहीच नाही, अशी घरातली दुसरी जागा नसते. कमोडशेजारी आणि नळाजवळ साडेतीन-चार सेंटिमीटर जाडीचे दांडे पक्क्या भिंतीत बसवावेत. त्यांची उंची मिस्त्रीने नव्हे, ज्यांना ते धरायचे आहेत त्या आजी-आजोबांना बसवून-उठवून ठरवावी. टॉवेलच्या दांडीवर भरवसा नको. माणसाच्या भाराने ती उखडते. कमोडची बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच असली की गुडघ्यांवर ताण कमी येतो.

दार बाहेर उघडणारं हवं. आत कुणी पडलं, तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाला अडतं आणि मदत बाहेर खोळंबते. कडीही बाहेरून उघडता यावी.

साठीतल्या डोळ्यांना विशीतल्यापेक्षा सुमारे तिप्पट उजेड लागतो; पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवावा. सरकती पायपुसणी काढावीत.

पायरीऐवजी उतार करायचा, तर १ सेंटिमीटर उंचीला १२ सेंटिमीटर लांबी धरतात. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला जवळजवळ दोन मीटर जागा लागते.