तीस पायांचा हिशेब

वयाच्या आठव्या वर्षी सुरुंगावर पाऊल पडून गुडघ्याखालचा पाय गेला, तर त्या मुलाला आयुष्यभरात किती कृत्रिम पाय लागतील? वाढत्या वयात साधारण दर सहा महिन्यांनी पाय बदलावा लागतो. मूल उंच होतं, उरलेल्या खुंटाचा आकार बदलतो आणि दिवाळीत नीट बसलेला पाय होळीला टोचू लागतो. वाढ थांबली की एक पाय तीन ते पाच वर्षं चालतो. म्हणजे अठराव्या वर्षापर्यंत वीस आणि पुढे साठीपर्यंत आणखी दहा. एकूण तीस पाय झाले, आणि पट्टे, अस्तर, घासलेली पावलं यांची मधली दुरुस्ती वेगळीच.

एवढा हिशेब मांडला की आपल्याकडच्या ‘कृत्रिम अवयव वाटप शिबिरां’कडे पहिल्यासारखं पाहता येत नाही. मंडप, फलक, पाहुण्यांच्या हस्ते वाटप, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. पाय मिळालेला माणूस चालत घरी जातो, आणि तो आनंद खराच असतो. प्रश्न दुसऱ्या पायाचा आहे. तो देणारं कोण, कुठे, आणि त्या माणसाची नोंद कुणाच्या वहीत आहे?

या प्रश्नाला उत्तर देणारी एक संस्था काबूलमध्ये आहे. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनं १९८८ साली तिथे ऑर्थोपेडिक केंद्र सुरू केलं. सोव्हिएत फौजा माघारीच्या तयारीत होत्या, आणि त्यांनी, सरकारी सैन्यानं आणि मुजाहिदीन गटांनी पेरलेले सुरुंग मात्र जमिनीतच राहणार होते. पुढे मझार-ए-शरीफ, हेरात, जलालाबाद, गुलबहार, फैजाबाद, लष्कर गाह इथेही केंद्रं निघाली. आजवर दोन लाखांहून अधिक अपंगांची नोंद या केंद्रांत झाली आहे. नोंद म्हणजे नुसता आकडा नव्हे. प्रत्येकाची फाईल असते आणि ती बंद होत नाही.

सुरुंगाची जखम ही गोळीच्या जखमेसारखी नसते. सोव्हिएत बनावटीच्या ‘पीएमएन’ या सुरुंगात २४० ग्रॅम टीएनटी असतं. स्फोटासरशी पाऊल तर उडतंच, पण त्याच झटक्यात माती, गवत, चपलेचे तुकडे, कपड्याच्या चिंध्या आणि पावलाच्याच हाडांच्या कपच्या स्नायूंच्या थरांमधून वर घुसतात. बाहेरून घोट्यापाशी दिसणारी जखम आत पोटरीपर्यंत सडू शकते. म्हणून अनुभवी सर्जन दिसतं त्याच्या वर कापतो आणि जखम लगेच शिवत नाही. काही दिवस उघडी ठेवून, ती स्वच्छ आहे अशी खात्री पटल्यावरच टाके घालतो. घाईनं शिवलेली जखम पुन्हा उघडावी लागते आणि दर वेळी खुंट थोडा आखूड होतो. खुंट जितका आखूड, तितकी पुढची चाल अवघड. गुडघा वाचला तर माणूस शेतात जाऊ शकतो. गुडघा गेला तर पुढचं सगळं गणित बदलतं.

दुसरा एक सुरुंग ‘पीएफएम-१’. फुलपाखरासारखे पंख असलेला, प्लॅस्टिकचा, तळहातावर मावणारा, वजन पाऊणशे ग्रॅम. विमानातून आणि हेलिकॉप्टरमधून तो पाचोळ्यासारखा टाकला गेला. मुलांना तो खेळण्यासारखा वाटायचा आणि ती उचलायची. त्यामुळे या सुरुंगानं पायांइतकेच हातही नेले.

मुलांच्या बाबतीत आणखी एक दुखणं असतं. कापलेल्या पायाचं हाड त्वचेपेक्षा वेगानं वाढतं, टोकदार होतं आणि एक दिवस खुंटाच्या टोकातून बाहेर येऊ पाहतं. मग पुन्हा ऑपरेशन, पुन्हा बरं होणं, पुन्हा नवं माप. सातत्यानं त्याच ठिकाणी असलेल्या केंद्राशिवाय या मुलांचं काही होऊ शकत नाही.

केंद्रातला कारखाना पाहण्यासारखा आहे, कारण तिथे तयार सुटे भाग बाहेरून फारसे आणावे लागत नाहीत. रेड क्रॉसनं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंबोडियात पॉलिप्रॉपिलीन या साध्या प्लॅस्टिकपासून पाय बनवण्याची पद्धत विकसित केली. हे प्लॅस्टिक स्वस्त असतं, त्याला गंज नाही, पाण्याचं भय नाही, आणि तुकडे वितळवून पुन्हा वापरता येतात. खुंटावर ओली प्लास्टर पट्टी गुंडाळून साचा घेतात. त्या साच्यात प्लास्टर ओतलं की खुंटाची हुबेहूब प्रतिमा मिळते. खरं कसब इथून पुढे. कारागीर किसणी घेऊन बसतो. गुडघ्याच्या वाटीखाली जिथे शरीराचं वजन पेलता येतं, तिथे तो प्लास्टर खरवडतो. नडगीचं टोक आणि बाजूच्या हाडाचा उंचवटा, जिथे जरा दाब आला तरी माणूस कळवळेल, तिथे प्लास्टरचा लेप चढवतो. चार मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर तो पाय कोपऱ्यात पडून राहणार. मग भट्टीत मऊ झालेला प्लॅस्टिकचा तक्ता त्या प्रतिमेवर टाकून पंपानं आतली हवा ओढून घेतात आणि तक्ता चिकटून बसतो. पुढे मऊ अस्तर, नळी, पाऊल, आणि शेवटी कललेलं सरळ करणं. काबूलचा कारखाना असे सुटे भाग बनवून इतर शहरांतल्या केंद्रांना पाठवतो. कुबड्या आणि व्हीलचेअरही तिथेच तयार होतात.

पाय बसवणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं फिजिओथेरपिस्टचं. दोन समांतर दांड्यांच्या मध्ये पहिली पावलं, मग दांड्या सोडून, मग उतार, पायऱ्या, खडबडीत जमीन. पेशंटला जायचंय ते काबूलच्या डांबरी रस्त्यावर नव्हे, बदख्शानच्या डोंगरात.

हे केंद्र ज्यांच्या नावाशी जोडलं गेलं ते अल्बर्टो कैरो इटलीचे. त्यांनी तुरिनला कायद्याची पदवी घेतली आणि मग वकिली सोडून फिजिओथेरपी शिकले. सुदानमध्ये काम करून १९९० साली काबूलला आले आणि तिथलेच झाले. १९९२ नंतर मुजाहिदीन गट काबूलसाठी आपसांत लढू लागले तेव्हा शहरावर रॉकेटं पडत होती आणि केंद्र बंद होतं. सगळ्यांचं मत होतं की अशा वेळी पाय बनवणं ही काही तातडीची गोष्ट नाही, आधी जीव वाचवा. कैरोंनी एका जाहीर भाषणात त्या दिवसांतला एक प्रसंग सांगितला आहे. गोळीबार चालू असताना त्यांना रस्त्यात एक माणूस दिसला. दोन्ही पाय नाहीत, एकच हात, व्हीलचेअरवर, आणि ती ढकलणारा त्याचा लहान मुलगा. कृत्रिम पाय का नाहीत असं विचारलं, तर केंद्र बंद आहे म्हणाला. केंद्र पुन्हा उघडलं, त्याला पाय मिळाले, चालायला शिकवलं. निघायच्या वेळी त्यानं सांगितलं की इथून बाहेर पडलो की भीकच मागायची आहे, इथेच काही काम द्या. कैरोंना पटेना. एका हातानं कारखान्यात काय करणार? नाही म्हणवेना म्हणून ठेवून पाहू असं ठरलं. थोड्याच दिवसांत त्या विभागाचं उत्पादन वाढलेलं दिसलं. कैरोंना वाटलं, सहकारी त्याच्या नावावर आपलं काम घालताहेत. जाऊन पाहिलं तर तसं काही नव्हतं.

त्यानंतर केंद्रानं ठरवलं की नोकरीत अपंगांनाच घ्यायचं. आज कारागीर, फिजिओथेरपिस्ट, शिंपी, कारकून, शिकवणारे असे बहुतेक सगळे एकेकाळचे पेशंट आहेत. काबूल केंद्राचे प्रमुख राहिलेले नज्मुद्दीन हेलाल यांचे स्वतःचे दोन्ही पाय सुरुंगात गेलेले. याचा परिणाम उपचारावर कसा होतो ते सहज समजण्यासारखं आहे. “दुखतंय” असं म्हटल्यावर कुठे दुखतंय हे कारागिराला सांगावं लागत नाही. आणि “मला जमणार नाही” असं म्हणणाऱ्याच्या समोर फिजिओथेरपिस्ट आपली विजार वर करून उभा राहू शकतो. मराठी वाचकाला इथे आनंदवन आठवणार. वरोऱ्यालाही ज्यांच्यासाठी संस्था निघाली त्यांनीच विहिरी खणल्या, शेती केली, कॉलेजची इमारत उभारली. फरक इतकाच की आनंदवनानं समाजाबाहेर काढलेल्यांचं वेगळं गाव वसवलं. काबूलच्या केंद्राचा आग्रह माणसाला त्याच्या त्याच गावात परत पाठवण्याचा.

त्यासाठी नुसता पाय पुरत नाही. म्हणून केंद्र बिनव्याजी छोटी कर्जं देतं. कुणाला हातगाडी, कुणाला शिलाई मशीन, कुणाला किराणा दुकानाचा माल. ज्याला शाळा सोडावी लागली त्याला घरी शिकवणारा मास्तर. कमरेखालून लुळ्या पडलेल्यांकडे पथक घरी जातं, कारण अशा माणसाला मारतात ते बहुधा पाठीवरचे व्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग, आणि ते वेळीच पाहणारं कुणी नसणं. शिवाय बास्केटबॉल. व्हीलचेअरवरच्या बास्केटबॉलच्या पुरुषांच्या आणि बायकांच्याही टीम तयार झाल्या. महिला संघाची कर्णधार नीलोफर बयात लहानपणी रॉकेटच्या माऱ्यात जखमी झालेली. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परतल्यावर ती स्पेनला गेली आणि बिल्बाओच्या क्लबकडून खेळू लागली.

मूळ केंद्र फक्त युद्धातल्या जखमींसाठी होतं. पोलिओ झालेलं मूल दारात आलं तर त्याला काय सांगायचं? तुझा पाय सुरुंगानं लुळा केलेला नाही म्हणून परत जा? कैरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दार सगळ्यांना उघडलं. पोलिओ, सेरेब्रल पाल्सी, जन्मजात वाकडी पावलं, रस्त्यावरचे अपघात. आज फायलींमध्ये पाय कापलेल्यांपेक्षा हेच अधिक आहेत. मला हा निर्णय संस्थेच्या इतिहासातला सगळ्यात मोठा वाटतो. सुरुंगाला देणगीदार मिळतो. सुरुंगांवर बंदी घालणारा ओटावा करार १९९७ चा, त्याच वर्षी सुरुंगबंदीच्या मोहिमेला शांततेचं नोबेल. सेरेब्रल पाल्सीला अशी प्रसिद्धी नाही. (त्या करारावर भारताची सही नाही, पाकिस्तानचीही नाही. २००१-०२ मध्ये ‘ऑपरेशन पराक्रम’च्या वेळी सीमेवर पेरलेल्या सुरुंगांनी आपलेच शेकडो जवान आणि शेतकरी जखमी केले. पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून सैनिकांसाठी आहे. सीमेवरच्या शेतकऱ्याला मात्र पंजाब-राजस्थानातच वाट शोधावी लागली.)

अफगाणिस्तानात आपलं ‘जयपूर फूट’ही पोचलं आहे. रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी घडवलेलं ते रबरी पाऊल अनवाणी चालतं, मांडी घालू देतं, उकिडवं बसू देतं, म्हणजे नमाजाला आणि शेताला दोन्हीला चालतं. १९७५ साली देवेंद्रराज मेहतांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीनं काबूलमध्ये शिबिरं घेतली. येईल त्याला, विनामूल्य, लगेच, ही समितीची रीत. परदेशी तज्ज्ञांनी घाईनं बसवलेल्या पायांच्या मापावर आणि टिकाऊपणावर आक्षेप घेतले आणि त्यात तथ्य आहे. तरी ज्याला अन्यथा कधीच पाय मिळाला नसता त्याला एक तरी मिळाला, हेही तितकंच खरं. जयपुरात समितीचं कायमचं केंद्र आहे, जाणारा पुन्हा जाऊ शकतो. अडचण येते ती शिबिराचा तंबू उठल्यावर परक्या देशात.

कायम एका जागी राहण्याची किंमतही असते. ११ सप्टेंबर २०१७ ला मझार-ए-शरीफच्या केंद्रात लोरेना एनेब्राल पेरेझ या ३८ वर्षांच्या स्पॅनिश फिजिओथेरपिस्टची एका पेशंटनं गोळी घालून हत्या केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत रेड क्रॉसचे सहा कर्मचारी जौझजानमध्ये मारले गेले होते. संस्थेनं उत्तरेतलं बरंचसं काम आवरतं घेतलं. मझारचं केंद्र अफगाण कर्मचाऱ्यांच्या जिवावर पुढे चालू राहिलं.

२०२१ नंतर एक विचित्र गोष्ट घडली. लढाई थांबल्यानं रस्ते खुले झाले आणि ज्यांना वर्षानुवर्षं चौक्या आणि आघाड्यांमुळे शहर गाठता आलं नव्हतं असे लोक केंद्रांत येऊ लागले. दहा-पंधरा वर्षांपूर्वी पाय गेलेले, आजवर काठीवर दिवस काढलेले. त्यांच्यासोबत नवे जखमीही आहेतच, आणि त्यात मुलं फार. भंगार विकण्यासाठी न फुटलेले गोळे वेचणारी, गुरं राखणारी. रेड क्रॉसच्या तिजोरीत याच काळात खडखडाट झाला. अफगाण इस्पितळांना दिली जाणारी मोठी मदत २०२३ मध्ये थांबवावी लागली. ऑर्थोपेडिक केंद्रं चालू ठेवली गेली.

आता अडचण पैशांहून निराळी आहे. या केंद्रांत बायकांना बायकाच तपासतात. दुसरी सोय तिथल्या समाजाला चालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तालिबाननं मुलींना वैद्यकीय संस्थांत शिकायला बंदी केली. आज कामावर असलेल्या स्त्री फिजिओथेरपिस्ट आणि कारागीर निवृत्त होतील तेव्हा त्यांच्या जागी कुणाला घ्यायचं ते ठरलेलं नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या फाईलमध्ये मात्र पुढल्या सहा महिन्यांनंतरची तारीख घातलेली असते.