कुवेत शहरात एक दिवस : मनोरे, मासळीबाजार आणि आपली माणसे

भारतात जाताना किंवा तिकडून परतताना आखाती देशांत एखादा दिवस काढण्याची संधी आपल्यापैकी अनेकांना मिळते. बहुतेकांची धाव दुबईकडे असते. परंतु अरबी आखाताच्या अगदी वरच्या टोकाला कुवेत नावाचे एक लहानसे राष्ट्र आहे, आणि त्याच नावाचे समुद्रकाठचे शहर ही त्याची राजधानी आहे. मुंबईहून विमानाने तेथे जाण्यास सुमारे चार तास लागतात. तेथील घड्याळ आपल्या मॉरिशसच्या घड्याळापेक्षा एक तास मागे असते. एका दिवसात या शहराची चांगली ओळख होऊ शकते. आपण कोकणातून आलेल्या पूर्वजांची मुले. आपल्याला तर तेथे परके वाटण्याऐवजी पदोपदी ओळखीच्या खुणा भेटतात.

जाण्यापूर्वी थोडे

जावे ते नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत. उन्हाळ्यात तेथे फिरणे म्हणजे भट्टीसमोर उभे राहणे होय. २०१६ च्या जुलैत कुवेतच्या मित्रिबा या ठिकाणी ५३.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. शुक्रवार व शनिवार हे सुट्टीचे दिवस असतात, आणि शुक्रवारी सकाळी बरेच व्यवहार बंद राहतात. चलन दिनार. एका दिनाराचे हजार फिल्स होतात, आणि जगातील सर्वांत महाग चलनांत त्याची गणना आहे. म्हणून नोटा मोजताना जरा सावध असावे. देशात मद्याला पूर्ण बंदी आहे. रमजानच्या महिन्यात दिवसा चारचौघांत खाणेपिणे हा गुन्हा ठरतो. सरकारी इमारतींचे व अनोळखी स्त्रियांचे छायाचित्र काढू नये. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते निघण्यापूर्वी वकिलातीत विचारून घ्यावेत.

सकाळ : समुद्र आणि मासळी

विमानतळ शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. दिवसाचा आरंभ समुद्रकाठच्या शर्क भागातील मासळीबाजाराने करावा. बाजाराला लागूनच लाकडी होड्यांचा धक्का आहे. येथे 'झुबैदी' नावाची चपटी, रुपेरी मासळी मानाने मांडलेली दिसेल. नाव अरबी असले तरी कोकणी माणसाची नजर फसत नाही. ते आपले पापलेटच! कुवेती माणसाचा त्यावर जीव आहे. 'रुबियान' म्हणजे कोळंबी. ती घालून केलेल्या भाताला 'मुरब्यान' म्हणतात. भातात मसाला आणि त्यावर कोळंबी, हे ऐकून आपल्या घरच्या स्वयंपाकघराची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

ही साम्ये उगीच आलेली नाहीत. कुवेतमध्ये नदी नाही, शेती जवळजवळ नाही. खनिज तेल सापडण्यापूर्वी हे गाव दोन गोष्टींवर जगत होते : मोती काढणे आणि जहाजावरचा व्यापार. कुवेतची शिडाची जहाजे बसऱ्याचा खजूर भरून कराची, मुंबई, मलबार आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जात. परतताना सागवान, काथ्या, तांदूळ, मसाले घेऊन येत. ज्या जहाजांवर हा व्यापार चाले तीसुद्धा मलबारहून आणलेल्या सागवानाचीच बांधलेली असत. मोती विकायचे ते मुंबईच्या बाजारात. जहाजाच्या कप्तानाला ते 'नाखुदा' म्हणतात, आणि मुंबईपासून कोकणपर्यंतचा कोळी आपल्या होडीच्या मालकाला 'नाखवा' म्हणतो. शब्द एकच, समुद्रही एकच.

त्यांच्या रोजच्या बोलीतही आपले शब्द जाऊन बसले आहेत. जुना कुवेती माणूस पंख्याला 'बंका' म्हणतो आणि लोणच्याला 'अचार'.

संग्रहालय आणि विणकाम

मासळीबाजारातून समुद्राच्या कडेकडेने जाणाऱ्या हमरस्त्याने पुढे गेले की राष्ट्रीय संग्रहालय लागते. मिशेल एकोशार या फ्रेंच वास्तुरचनाकाराने त्याची आखणी केली आणि १९८३ साली ते खुले झाले. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा येथील इस्लामी कलावस्तूंचा मोठा संग्रह उचलून नेण्यात आला आणि इमारतीला आग लावण्यात आली. पुढे बऱ्याचशा वस्तू परत मिळाल्या. आवारात 'मुहल्लब' नावाचे एक जुने व्यापारी जहाज उभे होते, ते मात्र जळून गेले. युद्धानंतर त्याची प्रतिकृती नव्याने बांधण्यात आली.

संग्रहालयाच्या जवळच 'सदू हाउस' आहे. वाळवंटातील बदू स्त्रिया मेंढीच्या व उंटाच्या लोकरीपासून तंबू, गालिचे, खोगिराच्या पिशव्या विणत असत, त्या विणकामाला सदू म्हणतात. लाल, काळा, पांढरा असे ठसठशीत पट्टे आणि त्यांत त्रिकोण, ठिपके, उंटाच्या आकृती. ही कला मरू नये म्हणून १९८० च्या सुमारास ही संस्था उभी राहिली. आपल्या भगिनींनी हे घर चुकवू नये.

दुपार : मुबारकियाचा बाजार

दुपारच्या जेवणाला जुन्या बाजारात, 'सूक अल मुबारकिया' येथे जावे. १८९६ ते १९१५ या काळात राज्य करणाऱ्या शेख मुबारक यांचे नाव या बाजाराला मिळाले आहे. २०२२ च्या मार्चअखेर येथे मोठी आग लागून बराच भाग जळाला. तरीही बाजाराने आपली जागा व वर्दळ सोडलेली नाही. खजूर, केशर, अत्तर, ऊद, सोने, तसबी, मसाले, सारे एका छपराखाली. मधल्या चौकात साधी भोजनालये आहेत. गरम रोटी, भाजलेले मांस, कांदा, मुळा, लोणचे आणि वर काळा चहा. शाकाहारी माणसालाही डाळ, भाजी व भात मिळतो. भर दुपारी अनेक दुकाने मिटतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात, हे ध्यानात ठेवावे.

येथे खरेदी करताना एक गोष्ट मनात आणावी. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी याच बाजारात व्यवहार रुपयांत होत असे! १८९९ साली कुवेतने इंग्रजांशी करार केला आणि त्यानंतर आखाताचा कारभार हिंदुस्थान सरकारच्या अधिकाऱ्यांमार्फत चाले. टपालाची तिकिटे हिंदुस्थानचीच, त्यांवर फक्त 'कुवेत' असा शिक्का. १९५९ साली भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला. १९६१ च्या एप्रिलमध्ये कुवेतने स्वतःचा दिनार सुरू केला, तेव्हा तेरा रुपये आणि वर एक तृतीयांश देऊन एक दिनार मिळे. त्याच वर्षी १९ जूनला देश स्वतंत्र झाला. आपल्या खिशात मात्र रुपया आजही आहे. एका रुपयाने दोन किनारे कसे जोडले होते, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

बाजारापासून फार दूर नाही अशी मोठी मशीद १९८६ साली खुली झाली. दहा हजार पुरुषांना तेथे एका वेळी नमाज पढता येतो. इतर धर्मांच्या पाहुण्यांनाही ठरलेल्या वेळी वाटाड्याबरोबर आत नेतात. अंग झाकणारे कपडे असावेत, आणि स्त्रियांनी डोके झाकावे.

संध्याकाळ : पाण्याचे मनोरे

उन्हे उतरू लागली की कुवेत टॉवर्सकडे निघावे. निळ्या-हिरव्या गोळ्यांचे हे तीन मनोरे म्हणजे कुवेतचे बोधचिन्हच. १९७९ साली ते लोकांसाठी खुले झाले. सर्वांत उंच मनोरा १८७ मीटरचा आहे. त्यातील फिरता गोल सुमारे १२३ मीटर उंचीवर असून अर्ध्या तासात एक फेरा पूर्ण करतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला शहर आणि त्यामागे सपाट वाळवंट, असे सारे एका जागी बसून दिसते. या बांधकामाला १९८० साली आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

परंतु हे मनोरे केवळ शोभेचे नाहीत. दोन मनोऱ्यांत मिळून नऊ हजार घनमीटर पाणी साठते. तिसरा बारीक मनोरा फक्त दिव्यांसाठी आहे. पूर्वी कुवेतचे लोक पिण्याचे पाणी लाकडी जहाजांतून शत्त अल अरब नदीवरून आणीत. १९५३ साली समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना सुरू झाला, तेव्हा ही यातायात संपत आली. ज्या गावाने पाणी विकत घेऊन प्यायले, त्या गावाने पाण्याच्या टाकीलाच आपले मानचिन्ह केले, यात नवल ते काय?

वेळ उरला तर साल्मिया भागातील सायंटिफिक सेंटर पाहावे. तेथे मोठे मत्स्यालय आहे, आणि बाहेर 'फतेह अल खैर' हे १९३८ साली बांधलेले जुने शिडाचे जहाज जपून ठेवले आहे. त्याच १९३८ सालच्या फेब्रुवारीत बुर्गान येथे तेल सापडले. जहाजांचे युग कधी सरत आले हे त्यावरून कळते.

एक तास आपल्या माणसांसाठी

येथपर्यंतचे सारे कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात सापडेल. पुढचे आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे.

कुवेतमध्ये आज सुमारे दहा लाख भारतीय आहेत. परदेशी लोकांत त्यांची संख्या सर्वांत मोठी. त्यांत डॉक्टर, इंजिनियर, परिचारिका, व्यापारी आहेत, आणि मराठी माणसेही आहेत. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीही बसतो. मात्र सार्वजनिक मंदिर तेथे नाही, म्हणून पूजा चार भिंतींच्या आत होते. आपल्याकडे गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते आणि मिरवणूक भर रस्त्याने समुद्रावर जाते. हे भाग्य किती मोठे, ते तेथे गेल्यावर उमजते.

पण सर्वांत मोठी संख्या मजुरांची, वाहनचालकांची व घरकामगारांची. शुक्रवारी संध्याकाळी शहरातील मालिया आणि मिर्गाब या भागांत जावे. आठवड्याची एक सुट्टी मिळालेली माणसे तेथे जमतात. गावाकडच्या बातम्या विचारतात, घरी पैसे पाठवतात, स्वस्तातला चहा पितात. हे दृश्य पाहून आपल्या पणजोबांची आठवण न येईल असा मॉरिशसचा मराठी माणूस विरळाच.

आपले पूर्वज पाच वर्षांच्या करारावर, महिना पाच रुपये पगारावर, रत्नागिरीकडच्या खेड्यांतून निघाले आणि पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढले. आजचा कामगार विमानाने येतो, त्याच्या खिशात दूरध्वनी असतो, तो घरी परत जाऊ शकतो. फरक मोठा आहे. तरी साम्यही आहे : कागदावर अंगठा, मध्ये दलाल, एका मालकाशी बांधलेला परवाना आणि दूर राहिलेले घर. कुवेत सरकारने काही चांगले नियमही केले आहेत. जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. २०१५ साली घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि त्यांचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेऊ नये असे त्यात सांगितले आहे. तरीही १२ जून २०२४ रोजी शहराच्या दक्षिणेला मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय मरण पावले. अनेक जण पहाटे झोपेतच गुदमरले.

या माणसांनी १९९० ची धांदलही पाहिली आहे. त्या वर्षी सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना कुवेत सोडावे लागले. वाळवंट ओलांडून ते जॉर्डनमधील अम्मानला पोचले, आणि तेथून एअर इंडियाच्या विमानांनी दोन महिन्यांत त्यांना मुंबईला आणले. अनेकांनी आयुष्याची कमाई मागे टाकली, आणि पुढे त्यांतलेच कित्येक पुन्हा कुवेतला परतले. कारण घरी चूल पेटायची होती.

म्हणून बंधु-भगिनींनो, तुमच्या एका दिवसातला एक तास या लोकांसाठी राखून ठेवा. पगार किती, असे विचारू नका. गाव कोणते, असे विचारा. एखादा रत्नागिरीचा, एखादा रायगडचा निघेल. तुमची मराठी त्यांना जुनी वाटेल, त्यांची तुम्हाला भरभर वाटेल. "आमचे पणजोबाही असेच करारावर आले होते," एवढे सांगा. मग चहाचे पैसे ते तुम्हाला देऊ देणार नाहीत.

आणि आपल्यातला एखादा तरुण आखातात नोकरीला जाणार असेल, तर त्याला सांगा : कराराची प्रत आपल्याला वाचता येईल अशा भाषेत मागून घे, दलालाच्या तोंडी शब्दावर निघू नकोस, आणि पासपोर्ट स्वतःजवळ ठेव. आपल्या पूर्वजांना हे सांगणारे कोणी नव्हते. आपल्या मुलांना सांगणारे आपण आहोत.