बोटाएवढ्या सिलिंडरमधली ओ-रिंग

शहाद्याकडे मुरूम ओतणारी डंपिंग ट्रॉली पाहिलीत ना? तिच्या जॅकमध्ये जे घडतं, तेच माझ्या मॉडेल जेसीबीच्या 10 मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरमध्ये घडतं. 10 बार दाबाला हा बोटाएवढा सिलिंडर जवळजवळ 8 किलोचा जोर देतो! सगळी भिस्त पिस्टनवरच्या ओ-रिंगवर.

रिंग जितकी घट्ट तितकी गळती कमी, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. बसवताना ती जाडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच दबावी आणि खाच तिच्यापेक्षा थोडी रुंद हवी. तेलाचा दाब आला की रिंग खाचेच्या पलीकडच्या भिंतीवर रेटली जाते आणि फट बुजवते. दाब वाढेल तशी पकडही वाढते. फार आवळली, तर दांडा झटके देत सरकतो.

माझा पहिला सिलिंडर गळायचा. पिस्टन काढला तर रिंगेवर बारीकसा काप! तेलाच्या भोकाची धारदार कड तिला कापत होती. कड गोलसर केली, बोअर 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून पुसला, नवी रिंग तेल लावून चढवली. गळती थांबली.

हायड्रॉलिक ऑइलसाठी नायट्राइल रबरच घ्या. गाडीच्या ब्रेकमधले वॉशर नकोत, ते या तेलात फुगतात.

दांड्यावर बोट फिरवल्यावर पुसट ओलावा लागला तर घाबरू नका, तो हवाच. नाहीतर रिंग कोरडी घासते. थेंब साचू लागला, की मात्र रिंग बदला.